मी स्वतःचा कौल लावला

साल २०२३. माझं वय एकाहत्तर, तेही शाळेतल्या मास्तरांनी अंदाजाने लावलेल्या तारखेप्रमाणे. आई म्हणायची, खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं त्या साली तू झालास. ते साल कुठलं, ते सांगणारं आता कुणी राहिलं नाही. मी चौथी शिकलो. तरुणपणी मिठागरावर राबलो, मग स्वतःची शेती केली, मग शेतं गेली आणि तिथं इमारती आल्या. आमचं गाव सुकापूरच्या अंगाला आहे. गाव कुठं संपतं आणि नवीन पनवेल कुठं लागतं, ते आता आम्हालाही धड सांगता येत नाही.

मी आजारी पडलो त्याची ही हकीकत. लिहायचं कारण एवढंच की आमच्याकडे छातीत धडधडलं की लोक गॅस म्हणतात, झोप उडाली की वय म्हणतात आणि माणूस गप्प राहायला लागला की बाहेरचं लागलं म्हणतात. मीही तेच म्हणत होतो. ज्याला असं होत असेल त्याने माझा आडमुठेपणा वाचावा आणि स्वतःचा वेळ वाचवावा.

कौल

आधी हे सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गावदेवीला कौल लावायचा मान आमच्या घराकडे आहे. आधी बापाकडे होता, तो गेल्यावर माझ्याकडे आला. कुणाला घराचा पाया घालायचा असेल, मुलीचं लग्न जमवायचं असेल, तर माणूस फुलं घेऊन येतो. फुलांच्या पाकळ्या भिजवायच्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायची. मग प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही.

यात एक नियम आहे. कौल लावणाऱ्याने स्वतःसाठी लावायचा नाही. बापाला स्वतःचं काही विचारायचं असलं की तो दुसऱ्या गावच्या देवीला जायचा, तिथला माणूस त्याच्यासाठी लावायचा. मी एकदा विचारलं होतं, असं का? तो म्हणाला, "आपलाच प्रश्न, आपलाच हात. मग देवीला बोलायला जागा कुठं उरते?"

मला वाटलं समजलं. समजलं नव्हतं.

मासळी बाजारात

पहिला झटका पनवेलच्या मासळी बाजारात आला. सकाळची वेळ. मी पापलेटाच्या भावावरून घासाघीस करत होतो. एकदम छाती अशी धडधडली की आतून कुणीतरी दार ठोकतंय. हातापायांना मुंग्या आल्या. आजूबाजूचा आवाज लांब गेला. वाटलं, संपलं, इथंच माशांत पडणार.

कोळीण घाबरली. "काका, बसा बसा. पानी घ्या. भाव कमी करते, पन मरू नका इथं!"

आज हसू येतं. त्या दिवशी मी तिच्या टोपलीला धरून मनात सगळ्यांचा निरोप घेत होतो.

पोरगा महेश आला. हृदयाच्या दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लावल्या, पट्ट्यावर चालवलं, रक्त काढलं. सगळं चांगलं निघालं. महेशने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी रागावलो. कारण आता मला काय झालंय ते सांगायला माझ्याकडे नावच उरलं नाही. पुढच्या महिन्यात तसे झटके बरेच आले. बँकेत आला, न्हाव्याच्या खुर्चीवर आला, नातीच्या शाळेच्या फाटकाशी आला. मी बाहेर जाणं सोडलं. विचारलं तर म्हणायचो, गुडघे दुखतात.

त्या दिवशी

हृदयाच्या डॉक्टरनेच चिठ्ठी दिली. कुणाच्या नावे, ते मला महेशने सांगितलं नाही. दारावरची पाटी मी जुळवून जुळवून वाचली. मनोविकार. मी तिथंच उभा राहिलो.

"महेश, मना येड्यांच्या डॉक्टरकडं आनलास?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "बाबा, हळू बोला ना. लोक आहेत."

आत एक तरुण मॅडम होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही, घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाली, "काका, हा चिंतेचा आजार आहे. बरा होणारा आहे."

मी म्हटलं, "मला कसली चिंता? दोन मजली घर आहे. पोरगा कामाला आहे. गावात माझा शब्द मोडत नाहीत."

"चिंतेचा आजार व्हायला चिंतेचं कारण लागतंच असं नाही. साखर वाढते तसं हे आहे. गोळ्या लगेच लागू पडत नाहीत, काही आठवडे धीर धरा. आणि मला न विचारता बंद करू नका."

मला ते 'न विचारता' टोचलं. या वयात मी कालच्या पोरीला विचारून वागायचं? मी नमस्कार न करता उठलो.

डावी पाकळी

घरी आल्यावर गोळ्या खिशातच ठेवल्या आणि देवळात गेलो. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. पंखा बंद केला, दार लोटलं, पाकळ्या भिजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी कौल लावला. "आयो, ह्या गोल्या घेऊ का?"

डावी पडली.

मला आनंद झाला. तोच कौल तर हवा होता. घरी येऊन गोळ्या देव्हाऱ्यामागे सारल्या. बायकोला सांगितलं घेतो म्हणून.

झटके काही थांबले नाहीत. मग मी पुन्हा देवळात. आज बाहेर पडू का? उजवी. पण उजवी पडताना डावीही हलली होती, मग पुन्हा विचारलं. डावी. आता खरं कोणतं? तिसऱ्यांदा विचारलं. असं करता करता मी दिवसाचे तासन् तास तिथं घालवू लागलो. मासे खाऊ का, दाढी करू का, महेशला फोन करू का. उत्तर मिळालं की जरा वेळ बरं वाटायचं, आणि देवळाच्या पायरीवर येईपर्यंत नवीन शंका उभी.

गावात लोक म्हणायचे, काकांची भक्ती वाढली. म्हाताऱ्या बाया माझ्या पाया पडायला लागल्या. आजाराने देवाचे कपडे घातले होते आणि मलासुद्धा ओळखू आला नाही. हे मी मुद्दाम लिहितो. आपलं माणूस अचानक फार देव-देव करायला लागलं तर त्याच्या तोंडाकडे नीट बघा. शांत दिसतंय की घाबरलेलं, ते बघा.

दुभाजकावर

एकदा कळंबोलीला भाच्याच्या घराची वास्तुशांत होती. मला जायचं नव्हतं, पण कौल उजवा आला होता. महेशच्या गाडीने निघालो, पुलाखाली गाडी अडकली. दोन्ही बाजूंना लोखंडाच्या सळया भरलेले ट्रेलर, पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर. मला झटका आला. श्वास मिळेना. मी गाडीचं दार उघडलं आणि भर रस्त्यात उतरलो.

महेश ओरडला. मी ऐकलं नाही. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर जाऊन बसलो. डोकं गुडघ्यात घातलं. हॉर्न वाजत होते. एक ड्रायव्हर ओरडला, "ए बाबा, मरायचंय का?" खरं तर मी मरणालाच घाबरून बसलो होतो, पण ते त्याला कसं सांगणार?

मग शेजारी कुणीतरी बसलं. आमची सून, रेश्मा. वास्तुशांतीची भारी साडी, आणि दुभाजकावर धूळ कसली होती! तिने पदर खोचला आणि म्हणाली, "बाबा, आपण इथेच बसू या. आपल्याला कुठेच जायची घाई नाही."

तिने हात धरला नाही, पाठ थोपटली नाही. नुसती बसली. किती वेळ ते ठाऊक नाही. वीस वर्षं ही आमच्या घरात आहे. मी तिच्या हातच्या भाजीत मीठ कमी आहे, यापलीकडे तिच्याशी फारसं बोललो नव्हतो.

घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यामागच्या गोळ्या शोधून काढल्या. मला दवाखान्यात ठेवावं असं ती म्हणाली आणि महेशचं आणि तिचं जोराचं भांडण झालं. तो म्हणत होता, ॲडमिट केलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ती म्हणाली, "तोंड नंतर दाखवू. आधी माणूस राहू दे." बायको दोघांच्या मध्ये उभी राहून रडत होती. आमच्या घरात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नसे, मी सोडून.

मी ॲडमिट झालो.

वॉर्ड

सकाळी चहा. मग सिस्टर हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघायची. मग गोळ्या. गोळी गिळली की म्हणायची, "तोंड उघडा काका. जीभ वर करा."

"मी काय चोर हाय?"

"चोर नाही, हुशार आहात. म्हणून बघते."

दुपारी वरण-भात. संध्याकाळी मॅडम यायची. वॉर्ड म्हणजे आरडाओरडा, साखळ्या, असं काय काय डोक्यात होतं. तसं काही नव्हतं. माझ्यासारखी घाबरलेली आणि गप्प माणसं होती. शेजारच्या खाटेवर बापट नावाचे गृहस्थ होते, नवीन पनवेलचे, मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काका, वेलकम. माझी ही दुसरी वेळ. तिसरी येऊ नये म्हणून काय करायचं ते शिकतोय."

मी तोंड फिरवलं. दुसरी वेळ आलेल्या माणसाकडून काय शिकायचं?

बायकोला दिवसा थांबायची परवानगी होती. ती घरून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणायची. बापट वासाने उठून बसायचे. जातीने शाकाहारी, पण म्हणायचे, वासाला काय हरकत आहे?

मला मात्र एकच खटकत होतं. इथं देवी नव्हती. गोळी घेऊ की नको, कुणाला विचारू? तोंड उघडून दाखवायला लागायचं म्हणून गोळी पोटात जायची, पण प्रश्न तसाच राहायचा.

एका दुपारी बायको ताट धुवायला गेली. त्याआधीच मी वरण-भातातली दोन शितं मुठीत ठेवली होती. टेबलावर स्टीलची पाण्याची बाटली होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक शीत चिकटवलं आणि हात जोडले. "आयो, मी बरा व्हईन का?"

शितं पडेनात. भाताची शितं ती, चिकटून बसली. मी बाटलीकडे डोळे फाडून बघत बसलो. मागं बायको कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"आता बाटलीत पन देवी बसवलीव?"

मी बाटली झाकायला हात पुढं केला.

तिने ताट खाली ठेवलं. पन्नास वर्षांत ती मला वर तोंड करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तुमी म्हनताव, माजा देवीवर इस्वास हाय. आन् रोज तिची साक्ष काढताव. घेऊ का, जाऊ का, खाऊ का. मी तुमाना रोज सकाल-संद्याकाल इचारला असता, तुमी माजेच हाव ना, माजेच हाव ना, तर काय केला असताव? माहेरी धाडली असती मना! ती देवी हाय म्हून ऐकते."

बापट दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे कान इकडेच होते.

"मग काय करू?" मी विचारलं. तो प्रश्नच होता, टोमणा नव्हता.

"काय नका करू. बसा तिच्याजवल. काय इचारू नका."

तिने बाटलीवरची शितं नखाने काढली आणि बाटली माझ्यापुढं केली. "पानी प्या."

न विचारता

दुसऱ्या दिवसापासून मी खाटेवर मांडी घालून बसायला लागलो. समोर पिवळट भिंत. डोळे मिटून देवीचं तोंड आठवायचं. प्रश्न तोंडाशी आला की गिळायचा. हे फार अवघड आहे. ज्याला वाटतं गप्प बसणं सोपं, त्याने एकदा घाबरलेलं असताना गप्प बसून बघावं.

पहिल्यांदा बसलो तेव्हा भीती आली. वाढली. आणखी वाढली. हात आपोआप शितं शोधायला लागले, ते मी मांडीखाली दाबले. मग भीती वाढायची थांबली. आणि थोड्या वेळाने उतरली. मी तिला काही केलं नव्हतं. देवीनेही हो-नाही केलं नव्हतं. ती आपली आपण उतरली. हे मला नवीन होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी विचारतो म्हणून ती जाते.

संध्याकाळी मॅडमला सांगितलं. वाटलं, शिकलेली बाई हसेल. ती म्हणाली, "हेच मी तुम्हाला शिकवणार होते. तुमच्या बायकोने आधीच शिकवलं." मग मी मुद्द्याचं विचारलं. असं बसून मी बरा होणार असेन तर गोळ्या कशाला?

"काका, देवी तुमची, गोळी माझी. दोघींना आपापलं काम करू द्या. कोण मोठी, ते आपण नको ठरवायला."

मला ते पटलं. खरं म्हणजे मॅडमचं पटतंय याचाच राग आला, पण पटलं.

बापटांचा देवावर विश्वास नव्हता. ते समोरच्या खाटेच्या काठावर बसून नुसता आपला श्वास बघायचे. मी देवीपाशी, ते नाकापाशी. दोघेही गप्प. सिस्टर म्हणायची, "आज वॉर्डात कुणाची पूजा आहे?" बापट डोळे न उघडता म्हणायचे, "प्रसादाला बोंबील आहेत."

मी विश्वास ठेवणारा माणूस आहे, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. विश्वास म्हणजे देवी माझ्या मनासारखं करेल, असं मी समजत होतो. आता समजतो ते असं की काय होणार ते तिला ठाऊक आहे, म्हणून मला आत्ताच्या आत्ता ठाऊक असायची गरज नाही. एवढं ओझं उतरलं की भीतीला बसायला जागा कमी होते. जात नाही पूर्ण. अजूनही येते. परवा लिफ्टमध्ये आली होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, ती माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. मी उतरलो.

घरी

घरी आल्यावर गावाला सांगितलं, आपटा गावाला बहिणीकडे होतो, नदीची हवा खायला. महेशनेच तसं ठरवलं होतं आणि मलाही सोयीचं होतं. गोळ्या चालू ठेवल्या, तपासणीला जात राहिलो, पण तोंडाला रुमाल बांधून. रोज सकाळी देवळात जाऊन बसायचो. पाकळ्यांना हात लावत नव्हतो. कुणी कौलाला आलं की सांगायचो, हात थरथरतो.

अशा रीतीने वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी काशिनाथ आला. माझ्याच वयाचा, बरोबरच मिठागरावर राबलेला, सगळ्या गावात मोठा आवाज त्याचा. हातात फुलं होती. आवाज मात्र नव्हता. देवळात चार माणसं टेकली होती, त्यांच्यापासून तो लांब बसला.

"दादूस, कौल लाव. पोरगा मना डॉक्टरकडं न्यायचा म्हनतो. जेवान जात नाय, छाती धडधडते, घरात एकटा बसवत नाय. तो म्हनतो मनाचा आजार हाय. तू लाव. डावा आला तर मी जायचा नाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो डावा घ्यायलाच आला होता. मीही तसाच गेलो होतो.

"नाय लावायचा," मी म्हटलं.

"क्याला? हात थरथरतो तर मी धरतो."

"हात चांगला हाय. लावायचा नाय म्हून नाय लावायचा. उद्या डॉक्टरकडं जा."

तो चिडला. जुना आवाज परत आला. "तुज्या बापसाने कदी कुनाला देवीसमोरून परत नाय धाडला! मोठा झालास काय?"

टेकलेली चार माणसं सरळ बसली. बापाचं नाव निघालं की मला सहन होत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठणार होतो. घरी जाणार होतो. मी गेलो की काशिनाथ दुसरीकडून डावा कौल आणणार, हेही मला ठाऊक होतं. तसा तो घरात बसून कुजला असता.

मी परत बसलो. म्हटलं, "काशिनाथ, गेल्या साली मी आपट्याला नव्हतो. दवाखान्यात होतो. मनाच्या वॉर्डात. तुला जो तरास होतो ना, तोच मना झाला होता. मी पन हितंच डावा कौल घेतला आन् गोल्या लपवल्या."

चौघांच्या माना काशिनाथकडून माझ्याकडे वळल्या.

काशिनाथ म्हणाला, "म्हंजे... तू येडा झाला होतास?"

"हां. तुज्याएवडाच."

तो हसला नाही. फुलं मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. मग तो उठला, फुलं देवीच्या पायाशी ठेवली, खांद्यावर नाही, आणि निघून गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

घरी महेशला हे सांगितलं. तो ताटावरून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. रेश्माने मला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीपुढं बसलो, घरी येऊन गोळी घेतली आणि रिक्षा काशिनाथच्या दारात नेऊन उभी केली. हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने तो धुतलेला सदरा घालून बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला. दवाखान्यात त्या पाटीखालच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मी रुमाल बांधला नव्हता. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?" काशिनाथने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "दोघं. आधी ह्याला घ्या."